अर्लच्या बापाचा चाकू

संजीवच्या घरात दोन वर्षं एकाच माणसाचं नाव गाजत होतं आणि तो माणूस घरातला नव्हता. त्याची मुलगी नेत्रा अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावाजवळच्या एका शाळेत सायन्स शिकवायची. त्याच शाळेतून सुतारकामाचा मास्तर म्हणून निवृत्त झालेला अर्ल नावाचा म्हातारा तिला शिकार शिकवत होता. रविवारी ती जेवायला आली की वरणभाताबरोबर अर्लही ताटात पडायचा. अर्ल म्हणतो, वाऱ्याकडे तोंड करून बसावं. अर्ल म्हणतो, जंगलात जायच्या दिवशी साबण लावू नये. संजीवने पोरीला सव्वीस वर्षं जे जे सांगितलं, त्यातलं एक वाक्य तरी तिने कुणाला असं कौतुकाने सांगितलं असेल का? देवच जाणे.

बरं, तिथल्या मराठी मंडळातल्या सगळ्या काका-काकूंना ती गोड हसून नमस्कार करायची आणि पाच मिनिटांत पळ काढायची. अर्लला मात्र नुसतं 'अर्ल' म्हणायची आणि थंडीत काकडत पहाटेपासून त्याच्याशेजारी बसायची. संजीवचा नुसता जळफळाट व्हायचा. "छान माणूस दिसतोय," असं तो वर तोंडाने म्हणायचा.

मग एका रविवारी तिने कमरेचा चाकू काढून टेबलावर ठेवला. शिंगाची मूठ, वापरून वापरून बारीक झालेलं पातं.

"अर्लच्या वडिलांचा आहे, बाबा. त्याला मुलं नाहीत ना, सो ही गेव्ह इट टू मी."

संजीवने चाकू हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आता संजीवने पोटात ठेवलेली गोष्ट सांगायलाच हवी. त्याचे वडील बार्शीला खाटीक होते. बाजारच्या दिवशी दुकानावर रांग लागायची आणि दहा-बारा वर्षांचा संजीव आत बकरं सोलायचा, तेही असं की कातड्याला एक भोक पडायचं नाही. हाताला वळण होतं, वडील गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे. पुढे पोरगा इंजिनिअर झाला, अमेरिकेत आला, युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर विभागात लागला. पहिल्याच गणपतीत कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? "शाळामास्तर," तो म्हणाला. तोंडातून गेलं ते गेलं. मग तेच बायकोच्या माहेरी, तेच मुलीला. रक्त पाहिलं की आपल्याला चक्कर येते, असंही त्याने घरात सांगून ठेवलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्कीसुद्धा तो कापायचा नाही. हात सराईतासारखा चालेल, ही भीती.

दोन हजार पाच साली थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला. त्या दिवशी तिकडे शाळांनाही सुट्टी असते. सकाळी नऊला संजीवच्या ऑफिसात फोन आला.

"बाबा, मला डिअर मिळालं! माझं पहिलं! पण अर्लचे गुडघे खराब आहेत, ड्रॅग करायला हेल्प पाहिजे. येशील? तू नुसती दोरी ओढ, बघू नकोस."

दोरी ओढायला! अर्ल शिकवणार आणि बापाने हमाली करायची. अंगाचा तिळपापड झाला, तरी संजीव निघाला. न जाऊन सांगतो कुणाला?

रस्त्याच्या कडेला अर्लने त्याला भडक केशरी जाकीट दिलं, हात दाबला, "यू मस्ट बी प्राउड," म्हणाला. म्हातारा खरंच सज्जन होता, आणि त्याचाच संजीवला जास्त राग होता. चढावर पाचोळ्यात हरीण पडलं होतं. चांगली अंगाने भरलेली मादी. नेत्राने कानाला परवान्याची चिठ्ठी बांधून तिला उताणी केली होती आणि पोट फाडायला सुरुवात केली होती. पातं वर, त्याखाली दोन बोटं, म्हणजे टोक कोथळ्याला लागत नाही. बरोबर चाललं होतं. फक्त हळू.

संजीव पाठ करून उभा राहिला. पण कान तिकडेच.

"आता छातीतला पडदा काप," अर्ल इंग्रजीत सांगत होता. "मग हात आत घाल आणि श्वासनलिका शोध. घाई नको." थोडा वेळ गेला. "सापडली? दॅट्स माय गर्ल."

संजीव गर्रकन वळला. अर्लचा हात तिच्या खांद्यावर होता. तेवढंच दिसलं त्याला, रक्त नाही, हरीण नाही.

"सरक," तो म्हणाला. "दे इकडं."

"बाबा, तुला चक्कर..."

"दे म्हणतो ना!"

पोरगी चुकत नव्हती, हे त्याला तेव्हाही कळत होतं. तरी त्याने चाकू घेतला, बाह्या सारल्या आणि गुडघ्यावर बसला. कोपरापर्यंत हात आत गेला. नळी कापली, ती मुठीत धरून एका दमात खाली ओढली आणि काळीज, फुप्फुसं, कोथळा, आतडी सगळं एकसंध बाहेर पाचोळ्यावर आलं. कुठे थेंबभर घाण सांडली नाही. चाळीस वर्षांनी हात चालला होता आणि तो काहीच विसरला नव्हता.

अर्लने टोपी काढली. "पन्नास वर्षं शिकार करतोय," तो म्हणाला, "असे हात पाहिले नाहीत."

संजीवला आत गुदगुल्या झाल्या. त्याने ऐटीत कलेजी उचलली आणि पित्ताची पिशवी काढायला अंगठा फिरवला. पिशवी नव्हती. पुन्हा फिरवला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फुटली की काय? सगळं मटण कडू होणार.

"पित्त कुठं गेलं? नेत्रा, पित्त फुटलं वाटतं गं!"

"बाबा, डिअरला गॉल ब्लॅडर नसतंच," नेत्रा म्हणाली. "अर्लने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." मग ती त्याच्याकडे बघत राहिली. "पण ते शोधायचं असतं, हे तुला कसं माहीत?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. हात कोपरापर्यंत लाल होते.

"बकऱ्याला असतं," तो म्हणाला. "तुझे आजोबा मास्तर नव्हते. खाटीक होते. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो."

ती चिडेल, खोटारडा म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. पण तिचा चेहरा उजळला. अर्लचं नाव घेताना उजळायचा तसा, किंवा त्याहूनही जास्त. दोन वर्षं तो याच चेहऱ्यासाठी झुरला होता.

"मग त्यांची नाइफ असेल ना? आजोबांची? कुठंय ती? मला पाहिजे, बाबा!"

वडील गेले तेव्हा बार्शीचं दुकान त्यानेच रिकामं केलं होतं. लांब पात्याची, लाकडी मुठीची ती सुरी भावाने कागदात गुंडाळून त्याच्यापुढे धरली होती. घरी कुणी पाहिली तर काय सांगू, असं म्हणून त्याने ती तराजूबरोबर भंगारवाल्याच्या पोत्यात टाकली होती.

"नाही," संजीव म्हणाला. "मोडीत घातली."

नेत्राने त्याच्या हातातून अर्लच्या बापाचा चाकू अलगद काढून घेतला, पाचोळ्यावर दोन्ही बाजूंनी पुसला आणि आपल्या कमरेच्या म्यानात घातला.

"चल बाबा," ती म्हणाली, "दोरी धर."