रशीदच्या भट्टीतला पांढरा कापूस

शमीमभाभींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला वाचनालयात बसलो होतो. "भाऊ, ते गेले," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे बोलायला गेल्या, तर खोकल्याची उबळ आली आणि फोन बंद झाला…

शमीमभाभींचा नवरा रशीद माझा शाळेपासूनचा मित्र. दर्यापुरात त्याची लोहारकी. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या लोखंडी पासा. कोळसा सोडून त्याने गॅसची भट्टी केली, तेव्हा घरातला धूर गेला म्हणून आम्ही सगळेच खूश झालो होतो. भट्टीला आतून उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिक फायबरचं अस्तर होतं. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने ते गुंडाळीतून कापून दिलं. दिसायला थेट कापूस. त्यावर लेप द्यायचा असतो, जुनं काढताना ते भिजवायचं असतं, नाकाला फडकं पुरत नाही, चांगला मास्क लागतो, यातलं काहीही त्या व्यापाऱ्याने सांगितलं नाही. "अंगाले थोडं खाजवते," एवढंच म्हणाला.

आमच्या कापसाच्या मुलखात पांढरं, मऊ काही हाती आलं की त्याचं कापसासारखंच केलं जातं. अस्तर तापून ठिसूळ झालं की रशीद ते ओरबाडून काढी, काठीने झोडपून मोकळं करी आणि चांगलं निघेल ते पुन्हा भरी. उरलेल्याची त्याने एक गादी शिवली, ऐरणीजवळ पाहुण्यांना बसायला. बसलं की शिवणीतून बारीक धूळ उडायची. मी नाक दाबलं की तो हसायचा. "काहून बे, तू पुस्तकायची धूळ खातं, मी कापसाची खातो. दोघंबी धुळीवरच जगून राहिलो!"

मग त्याला दम लागू लागला. फुफ्फुसात धूळ बसली आहे, असं डॉक्टर म्हणाले. सगळा दोष अस्तराचाच, असं ते छातीठोकपणे सांगत नव्हते. धार लावायच्या ग्राइंडरची धूळही होतीच. पण तापून ठिसूळ झालेलं अस्तर हा कोरडंच झोडपायचा, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

मी अकोल्याला गेलो. दुकानात मूळ खोका होता. त्यावर मास्कचं चित्र, कर्करोगाचा इशारा. तुकडा कापून नेणाऱ्याला खोका कोण दाखवणार? "कंपनीवाले लिहितच रायतात, सर," व्यापारी कानात काडी फिरवत म्हणाला. मला शिसारी आली. अजूनही येते.

तोच माणूस मातीनंतर भेटायला आला आणि त्याच गादीवर ऐसपैस बसला. "बिडीनं घात केला बिचाऱ्याचा," म्हणाला. रशीदने आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. उठताना मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "भट्टी विकाची आहे काय?"

गेल्या आठवड्यात गेलो, तर भाभी ती गादी घरात नेत होत्या. "नमाजले बसताना गुडघे दुखतात, भाऊ. त्याईच्या हातची आहे, अशीच काहून पडू द्याची?"

आधीच सांगायला हवं होतं, ते सगळं मी आता सांगितलं. सावकाश.

"मंग मी तं रोज झटकत होती ना ते," म्हणाल्या, आणि ओढणीत तोंड लपवून खोकल्या.

गादी आम्ही भिजवली, जाड प्लास्टिकमध्ये बांधली. भाभींना डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. ऐरणीजवळच्या फरशीवर गादीच्या आकाराचा, बारीक धुळीचा पांढरा चौकोन उरला होता. भाभी तो झाडायला फडा घेऊन आल्या. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बादलीभर पाणी मागितलं.