खालचा आणि कालचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायचो — उन्हाचा, पाण्याचा. सोलापुरात विषयांना काय तोटा?

सिद्धाराम आणि मी एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक कक्षात बरोबर होतो. तो माझ्याहून लहान, अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा. त्याच्या तोंडी 'ख'चा 'क' व्हायचा. डबा उघडला की म्हणायचा, 'अण्णा, काली बसा,' आणि मी मुकाट खाली बसायचो.

रुग्णांचे सगळे रिपोर्ट, एक्स-रे ज्या पेटीत साठवलेले असायचे, तिला दोन कंट्रोलर होते — एक वर, एक खाली. एक बंद पडला तर दुसऱ्याने भार ओढायचा. त्या दिवशी खालचा सुरूच होईना. ज्या छोट्या कार्डावरून तो सुरू होतो, ते बूट कार्ड गेलं होतं. काम सोपं. खालचा बाहेर ओढायचा, झाकण उघडायचं, कार्ड बदलायचं, परत बसवायचा. सिद्धाराम स्क्रीनपाशी, मी पेटीमागे.

'अण्णा, कालचा काढा,' तो म्हणाला. 'लाल दिवा बघून काढा.'

मी दिवा बघितला नाही. का? — घाई नव्हती. मला सगळं येतं, एवढंच होतं. आदल्या दिवशी आम्ही वरच्याची बॅटरी बदलली होती. हात सवयीने तिथेच गेला. चालू असलेला वरचा कंट्रोलर मी ओढून काढला.

सगळं रुग्णालय थांबलं. ऑपरेशनसाठी आत घेतलेला एक पेशंट परत वॉर्डात न्यावा लागला. काढलेला कंट्रोलर हातात धरून मी तिथेच उभा होतो. सिद्धारामने मला बाजूला केलं, वरचा बसवून सुरू केला, खालच्याचं कार्डही त्यानेच बदललं. एकही रिपोर्ट गेला नाही, कुणाच्या जिवाला काही झालं नाही — हे त्याचे उपकार.

आणि मी काय केलं? साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, 'हा कालचा म्हणाला. काल वरचा उघडला होता, म्हणून मी वरचा काढला.'

साहेब हसले. सगळे हसले. सिद्धारामला तिथून काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवलं, आणि 'कालचा' हे नाव त्याला चिकटलं. संध्याकाळी गाडी काढताना तो एवढंच म्हणाला, 'अण्णा, तुमाला माजं बोलणं कळतंय की.'

मी किक मारली.

तो कुणापाशी काही बोलला नाही. मी मानाने निवृत्त झालो. पुढे बायकोला तिथेच दाखल केलं, तेव्हा त्याच खिडकीतून उठून तो आमच्यासाठी धावला; तिच्यासाठी घरून मऊ भात आणायचा. ती बरी झाली. आजही त्याचं नाव निघालं की ती हात जोडते. मीही जोडतो — तिला वाटतं, एकाच कारणासाठी.

गेल्या वर्षी त्याचा निरोप समारंभ झाला. मला आग्रहाने बोलायला उभं केलं. त्याचे सगळे उपकार मी सांगितले, अगदी मनापासून. मागून कुणीतरी 'कालचा' म्हणून ओरडलं. हॉल हसला, तोही हसला — आणि माझ्याकडे बघत राहिला. माईक माझ्या हातात होता. मी धन्यवाद म्हणालो आणि तो पुढच्याला दिला.

वाक्य तर कधीपासून तयार होतं. सिद्धाराम, त्या दिवशी मला 'खालचा' असंच ऐकू आलं होतं. माझं चुकलं. मला माफ कर.