गाडीला भिऊन पळालेलं गाव

१८८४ सालचं ठाणं. सुमतीबाई तुळशीला पाणी घालत होत्या. ओसरीवर हरिहर मास्तर कागदांचा गठ्ठा बांधत होते. सात वर्षं खपून लिहिलेला तालुक्याचा अलीकडचा इतिहास आज छापखान्यात जायचा होता. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात नाथा आगरी. मिठागरात पन्नाशी गाठलेला, पायांना भेगाच भेगा. घड्याळ त्याला कळत नसे, पण तिथी सांगितली की भरती कधी चढणार ते बिनचूक सांगायचा. तो अंगणातच उकिडवा बसला.

"मास्तर, तुमी देवलात वाचलंत म्हनं, गाडी नवी आली तवा आमचा गाव पलाला."

"वाचलं खरं. का रे?"

"बाजारात मीठ घेऊन गेलो का लोक शिट्टी मारतात. ‘पल नाथा, गाडी आली!’ परवा तर जावयासमोर."

सुमतीबाईंना हसू फुटलं. त्याचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं.

मास्तरांनी गठ्ठा सोडला. आगगाडी सुरू झाली त्या वर्षी तिच्यातून गेलेल्या एका साहेबानं वर्तमानपत्रात लिहिलं होतं, की इंजिन दिसताच माणसं ओरडत खाडीकडे पळाली. मास्तरांनी ते तसंच उतरवून घेतलं होतं.

"मग पळाला नव्हतात तुम्ही?"

"धावलो ना! आमोशाचं उधान व्हतं. खाडीवरला बांध फुटला, आन् आगरात मीठ तयार. बाबा छातीभर पान्यात फली धरून उबा, आमी चिखल टाकतोय. गाडी कवा गेली, कोनी बगितली?"

मास्तर विचारात पडले. साहेबानं पाहिलं ते खोटं नव्हतं, पण खिडकीतून फुटलेला बांध दिसला नसेल तर? कागदावर तारीख होती, तिथी नव्हती.

"अहो, मामंजींची जुनी पंचांगं माळ्यावर आहेत की," म्हणत सुमतीबाई शिडी घेऊन आल्यासुद्धा.

धूळ झटकून मास्तरांनी त्या वर्षाचं पंचांग उघडलं, तारखेवर बोट ठेवलं. अमावास्या!

"नाथा, शाबास! आत्ता बदलतो. तुझं नाव घालूनच लिहितो."

"नाव नको, मास्तर. साहेबानं सांगितलं ते लिवलंत, आता मी सांगतो ते लिवाल." नाथा उठला. "आमोशा चार दिसांवर हाय. एकडाव आमच्या बांधावर या, उधान बगा, मंग लिवा."