पाणी किती उतरेल

रायपूरच्या चौबे कॉलनीत कुणी ‘यंदासारखी गरमी कधीच नव्हती’ म्हटलं की कुंदाकाकू विचारायच्या, ‘‘किती वर्षांची मोजणी आहे तुमच्याजवळ?’’ समोरचा विषय बदलायचा. मी ‘नवा रायपूर’ या नव्या शहरात लेखापरीक्षणाचं काम करतो. मला हा प्रश्न पहिल्या भेटीतच आवडला.

काकूंची सगळी नोकरी विशाखापट्टणमला, समुद्राची पातळी आणि तापमान मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी तिथेच किनाऱ्याजवळ दोन खोल्यांचं घर घेतलं. मग कमरेचं हाड मोडलं आणि मुलगा अजय त्यांना रायपुरात घेऊन आला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून त्या फक्त दवाखान्यासाठी उतरायच्या, तेही खुर्चीत बसवून. ‘‘पोट्ट्यानं मले उंचावर ठेवलं, भरती लागू नाही म्हणून,’’ असं हसून सांगायच्या. पण दर वेळी बोलणं एकाच गोष्टीवर यायचं: चालता आलं की आपल्या घरी जायचं.

समुद्राचं त्या मला समजावून सांगत. ‘‘पाणी गरम झालं की फुगते. वारे बदलले की इकडचं तिकडे सरकते. दहा-वीस वर्षं चढून राहते, मंग उतरते. एका वर्षाच्या आकड्यानं घाबरू नाही, अन् खुशही होऊ नाही.’’

गेल्या वर्षी भरतीचं पाणी त्यांच्या विशाखापट्टणमच्या घराच्या फाटकाशी आलं. अजयने घराला गिऱ्हाईक शोधलं आणि आईशी बोलताना मला सोबत बसवलं. पोरगा वाईट नाही. म्हणाला, ‘‘आई, तुम बोल दो कि पानी वापस जाएगा. मैं नहीं बेचूँगा.’’

एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द तपासू शकणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

काकू बराच वेळ गुडघ्यावरची चादर सारखी करत राहिल्या. ‘‘उतरेल,’’ म्हणाल्या. ‘‘पण जेथून चढलं, तेथवर नाही उतरणार. चढणं-उतरणं जुनंच आहे. पण त्याच्या खालचं पाणीच आता वाढून राहिलं. विक. अन् घेणाऱ्यालेही हे सांगजो.’’

अजय उठून गेल्यावर मी विचारलं, ‘‘काकू, नुसतं हो म्हटलं असतं तर?’’

‘‘भाऊ, नोकरीभर लोकांच्या घराचं खरं सांगितलं. माह्या घराले काय वेगळा समुद्र असते?’’

दुसऱ्या दिवशी पायाचा व्यायाम करवणाऱ्या दीदी आल्या. काकूंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. ‘‘आता काहून? खिडकीपर्यंत जाता येते मले.’’

यंदा त्या गेल्या. शेवटपर्यंत तेवढंच चालल्या.