कॉम्प्युटर त्याच दुपारी सुरू झाला होता

गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका मंगळवारी दुपारी, तळमजल्यावरच्या नरसिंगरावांचा बंद पडलेला कॉम्प्युटर मी चाळीस मिनिटांत सुरू केला. तो सुरू झाला आहे हे मी त्यांना अठरा दिवसांनी सांगितलं. मधले सगळे दिवस तो बंदच आहे असं मी त्यांना तोंडावर सांगत राहिले. हे आजवर कुणाला सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही.

अंबत्तूरला, या तमिळ मुलखात, आम्ही आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. मी त्याआधी अकरा वर्षं पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होते. आता घरी बसून भाषांतरं करते. नरसिंगराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त गणित शिक्षक. तंजावरकडचे मराठी — बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये, घरात जुनी मराठी. इमारतीत सगळे त्यांना 'राव सार' म्हणत, मी काका म्हणायचे; ते मला 'मा' म्हणत, तमिळमध्ये मुलीला म्हणतात तसं.

त्यांच्या पत्नी कमलाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. शेवटच्या वर्षात, अंथरुणावरून, त्यांनी आपला सगळा स्वयंपाक सांगितला आणि काकांनी तो टाइप करून घेतला. तेव्हापासून काका रोज सकाळी स्क्रीनवर एक पदार्थ वाचत आणि तो रांधत. त्यातली एक वाटी आमच्याकडे येई. प्रिंट कधी काढली नव्हती. दुसरी प्रत नव्हती. म्हणजे तो कॉम्प्युटर बंद पडल्यावर त्यांचं काय गेलं, हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

"तिचं सगळं त्यांत आहे, मा," एवढंच ते म्हणाले.

मी कॉम्प्युटरचं खोकं आणि मॉनिटर वर आमच्या घरी आणले. बटण दाबलं की पंखा फिरे, दिवा लागे. स्क्रीन काळी, आणि तीन लांब बीप. पंखा फिरतो म्हणजे वीज येते आहे. त्यांचा मॉनिटर माझ्या लॅपटॉपला जोडून पाहिला — चांगला होता. उरली रॅम. डेस्कवर आमची यंत्रं जुनी होती आणि दुरुस्तीवाला दुसऱ्या इमारतीतून यायचा, त्यामुळे एवढं तिथे सगळ्यांनाच जमायचं. झाकण उघडलं, धूळ झटकली, रॅमची पट्टी काढली, तिच्या पितळी कडेवरून खोडरबर फिरवला आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. आतल्या घड्याळाचा सेल मेला होता, म्हणून तारीख सोळा वर्षांपूर्वीची दाखवत होता. बाकी सगळं ठीक.

फाइल समोरच होती. मी उघडली. का? नीट आहे ना, बघायला — असं त्या क्षणी वाटलं. वीस पानं वाचून झाल्यावर ते कारण टिकत नाही. कमलाबाई नुसता स्वयंपाक सांगत नव्हत्या. मधेमधे नणंद येई, सासू येई, कोण कशावरून रुसलं ते येई, आणि काकांनी ते सगळं इमानानं टाइप केलं होतं. मी जागची हलले नाही.

साडेपाचला काका दारात उभे. "झालं का, मा?"

"अजून नाही. उद्या बघते."

एका संध्याकाळचं वाचन — तेवढ्यापुरतं होतं ते. मग अठरा दिवस कसे झाले?

दुसऱ्या सकाळी ते येऊन खुर्चीत बसले. "विसरायच्या आंत सांगून टाकतों. तू लिही." आणि ते आठवून आठवून सांगू लागले. मी वहीत उतरवून घेतलं. ते खाली गेले, मी कॉम्प्युटर लावला, आणि वही फाइलशेजारी ठेवली.

बातमीदाराची प्रत मूळ कागदाशी ओळीनं ताडून पाहणं, हे माझं अकरा वर्षांचं काम. पण असा ऐवज मला कधी मिळाला नव्हता. तीन वर्षं रोज वाचलेलं माणसाच्या डोक्यात किती उरतं? कोणत्या शब्दावर तो घसरतो? मोजमाप आधी जातं, की बोलणं? मला जाणून घ्यायचं होतं — इतकं, की दुसऱ्या कुठल्या कामात माझं लक्ष लागेना. रोज सकाळी ते सांगत, रोज दुपारी मी लाल पेननं खुणा करी.

खोटं रोज थोडं वाढवावं लागलं. ही रॅम आता मिळत नाही. रिची स्ट्रीटला, कॉम्प्युटरच्या भागांच्या बाजारात, एका दुकानदाराला सांगून ठेवलंय.

"मी येतों बरोबर. बसनं जाऊं."

"ऊन बघा केवढं आहे, काका."

"तू पुण्याची ना? आमच्या उन्हास भितेस?" ते हसले. मीही हसले.

घड्याळाचा सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मी तो बदलला नाही. तारीख चुकीची राहिली तर फाइल कधी उघडली ते कुणाला कळणार नाही — इतका विचार मी केला होता. इतका विचार केल्यावर नुसतं कुतूहल म्हणता येतं का?

त्यांनी एक्केचाळीस पदार्थ सांगितले. चौतीस फाइलशी जुळले, पुष्कळ ठिकाणी शब्दाला शब्द. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती उत्तम होती. हे फक्त मला माहीत होतं. त्यांच्यासमोर स्क्रीन नव्हती, आणि पडताळा नसल्यामुळे ते दिवसेंदिवस चाचरू लागले. धने दोन चमचे की तीन? तीन, असं फाइल म्हणे. तीन, असं तेही म्हणत — आणि मग मान हलवत.

तेराव्या दिवशी ते रसवांगी सांगत होते. चिंचेच्या पाण्यात शिजवलेली वांगी, वर धने, डाळ आणि खोबऱ्याचं वाटण. "शेवटीं गुळाचा खडा, बोराएवढा. ती म्हणायची, हें तुमच्या अम्मास सांगूं नका." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"हें ती म्हणाली, की मीच रचतोंय? मज आतां समजतच नाहीं, मा. डोकं गेलं काय माझं?"

त्या सकाळी, ते येण्याच्या तासभर आधी, मी ते वाक्य फाइलमध्ये वाचलं होतं. बोराएवढा. अम्मास सांगूं नका. अगदी तेच.

"नाही काका, बरोबर आहे" — एवढं म्हणता आलं असतं. त्यांनी विचारलं असतं, तुज कस्सं ठाऊक? तर सांगता आलं असतं, मागे एकदा तुम्हीच बोलला होतात. हे उत्तर मला त्याच वेळी सुचलं होतं. सुचलं होतं, याची नोंद असायला हवी.

मी म्हटलं, "असेल, काका. वयानं होतं असं."

कबूल करायचं आहे ते हे वाक्य. पकडली जाईन ही भीती होती, पण तेवढीच नव्हती. आपल्यावरचाच भरवसा उडालेला माणूस पुढचा पदार्थ कसा सांगतो — तेही मला पाहायचं होतं.

"सरी," ते तमिळमध्ये म्हणाले. बरं. आणि उठले.

पुढचा पदार्थ त्यांनी सांगितला नाही. तोवर आठवून रांधत होते, ती वाटीही आली नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी, शनिवारी, त्यांची मुलगी वसुधा कोइंबतूरहून आली. मी खोकं खाली नेलं आणि सांगितलं, सुरू झाला, रॅमचंच होतं. काकांनी त्यावर हात ठेवला. "फार खपलीस मा, माझ्यापायीं."

वसुधा भांडी बांधत होती. "अप्पा स्वतःच म्हणाले, मला घेऊन जा. तीन वर्षं मी मागे लागले होते, ऐकत नव्हते. तुम्ही रोज बसलात त्यांच्याबरोबर — थँक्स हं." तिनं खोकं तिथेच चादरीत गुंडाळलं. दोघं समोर होते, लाल खुणांची वही एक मजला वर होती; आणून दाखवता आली असती. मी बांधाबांध करू लागले.

काकांच्या फ्लॅटमध्ये आता नागपूरकडचे दोन इंजिनीअर भाड्यानं राहतात. कोइंबतूरच्या डॉक्टरांनी काकांची तपासणी केली. वयाच्या मानानं स्मरण चांगलं आहे असं लिहून दिलं. काकांनी तो कागद वाचला आणि डॉक्टर मुलगा भला आहे, मन राखतो, एवढंच म्हणाले. वसुधाकडे जागा कमी, कॉम्प्युटर अजून चादरीतच आहे. हे सगळं तिनं गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं. स्वयंपाक ती करते. गॅस पेटता राहिला तर, म्हणून अप्पाच नको म्हणतात. कोइंबतूरला गेल्यापासून पंधरा महिन्यांत त्यांनी एकदाही काही रांधलेलं नाही.