कूस बदलायच्या वेळा

माघातला मंगळवार, भर दुपार. हजर: घरोघरी फिरून संशोधनाची माहिती गोळा करणारी नर्स, म्हणजे मी, अंथरुणाला खिळलेल्या पारूआजी, आणि त्यांची सून हौसाबाई. मुळशी धरणापलीकडची वाडी.

आज नव्या नर्सना शिकवताना वर्गात कापूर घातलेल्या खोबरेलाची बाटली उघडली आणि ते घर आठवलं. हौसाबाई आजींच्या पायांना तेच तेल लावत होत्या. आजींच्या पाठीवर रुपयाएवढी जखम होती. ती भरली नाही तर त्यांना शहरात हलवावं लागणार होतं, आणि आजी घर सोडायला तयार नव्हत्या. दर दोन तासांनी कूस बदलून खूण करायला मी तक्ता दिला होता. महिन्याने पाहिला, तर कोरा.

"एकही खूण नाही?" मी रागावले.

"हितं घड्याळ कुटं हाय, बाई? शेरडं सोडली की डावी कूस, येष्टी वर गेली की उजवी, खाली आली की परत डावी."

"आणि रात्री?"

"रातच्याला मीच वरडते की!" आजी म्हणाल्या.

मी पट्टी सोडली. जखम पूर्ण भरली होती, वर नवी गुलाबी कातडी! तिघी मोठ्याने हसलो. 'काळजी घेतली नाही' असं मी फॉर्मवर लिहिणार होते. आता नव्या नर्सना सांगते, आधी घरच्यांच्या वेळा विचारा.

निघताना हौसाबाई म्हणाल्या, "म्हातारीची पाठ बघितली, माजी कंबर कोन बघनार?"

आमच्या फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता. नवा फॉर्म या महिन्यात छापायला जातोय. तो रकाना अजून घालायचा आहे.