पाइपावर दोन ठोके

मी नौदलातून कमोडोर म्हणून निवृत्त झालो आणि राळेगावला परत आलो. एसटी स्टँडवर लोक अजून विचारतात, "साहेब, आपल्या इकडं समुद्र नाही, मंग तुम्ही नेव्हीत गेलते कसे?" मी सांगतो, विहिरीतून गेलो. लोक हसतात. पण ते खोटं नाही.

अब्बा शेतातले डिझेल पंप दुरुस्त करायचे. इंजिन विहिरीच्या आत बसवलेलं, त्यामुळं धूर कोंडायचा. कॉलेजच्या सुट्टीत मी वर, त्यांच्या कमरेला बांधलेला दोर धरून उभा राहायचो. अब्बा दर मिनिटाला पाइपावर पान्यानं दोन ठोके द्यायचे. म्हणजे ठीक आहे. "ठोके थांबले तं दोर ओढजो. इचारत बसू नको." एवढंच त्यांचं ट्रेनिंग. पुढं इंजिनिअरिंग झालं, नौदलात कमिशन मिळालं, पण यापेक्षा कामाची ऑर्डर मला कोणी दिली नाही.

लेफ्टनंट कमांडर असताना एका युद्धनौकेवर इंजिनिअर ऑफिसर म्हणून पोस्टिंग आलं. पहिल्याच आठवड्यात मी नियम केला: खाली इंजिन रूममधला फोन बंद पडला, तर दर मिनिटाला पाइपावर दोन ठोके. सगळ्यांनी टिंगल केली. केरळचा पेटी ऑफिसर थॉमस तर जेवताना ताटावर दोनदा चमचा आपटून म्हणायचा, "सर, मी जिवंत आहे. भात वाढा." मला राग यायचा आणि हसूही यायचं.

एका सकाळी १०.४० ला अलार्म वाजला. पुढच्या इंजिन रूममध्ये आग. सगळे वर आले, दोघे आले नाहीत. थॉमस आणि नवा सेलर सुरेंदर. फोन बंद. अशी आग विझवायला आत गॅस सोडतात. तो सोडला की आतला माणूस वाचत नाही. न सोडावा तर अख्खं जहाज धोक्यात.

१०.४५ ला कॅप्टन रेडिओवर आले. "आत कोणी आहे?"

मी पाइपाला कान लावला. दोन ठोके.

"एक तरी जिवंत आहे, सर."

"चार मिनिटं. मग गॅस."

मास्क लावलेली टीम मागच्या शिडीनं खाली उतरली. १०.४९ ला ठोके थांबले.

"ठोके?"

"बंद, सर."

"मग गॅस सोडू?"

"नाही सर. थांबले म्हणजे ओढायचं. अजून दोन मिनिटं द्या."

"दिली."

१०.५१ ला टीमनं दोघांना वर आणलं. सुरेंदरचा श्वास चालू होता. त्याच्या तोंडावर थॉमसचा मास्क होता. थॉमसच्या मुठीत पाना होता. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. थॉमस गेला. मग गॅस सोडला, आग विझली, जहाज मागच्या इंजिनांवर बंदरात परतलं. थॉमसच्या आईला पत्र लिहिताना मी रडलो.

सुरेंदर आता मास्टर चीफ आहे. दरवर्षी त्या तारखेला १०.४९ ला त्याचा फोन येतो. यंदा म्हणाला, "सर, नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ठोके शिकवतो. थॉमसचं नाव सांगून."

"टिंगल करतात का?"

"करतात."

"करू दे."

मग तो तिकडं रेलिंगवर दोन ठोके देतो. मी इकडं अंगणातल्या हातपंपावर दोन देतो. आणि थॉमसच्या दोन ठोक्यांसाठी आम्ही मिनिटभर थांबतो.